दातवणाची काडी, अर्काची बाटली

डोणगावात अजून फटफटलेलं नाही. साल १९६२. तुम्ही एका धाब्याच्या घराच्या ओट्यावर घोंगडं पांघरून बसला आहात आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली एक म्हातारी टाचा उंचावून फांदी ओढते आहे. उजेड नाही, म्हणून ती बोटांनी चाचपत काडी निवडते. कोवळी नको, चावताच तिचा लगदा होतो. जून नको, ती हिरड्या सोलते. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, सालीत ओल असलेली हवी. तशी सापडली की ती कटकन मोडते, पानं ओरबाडते आणि काडी तुमच्या हातात ठेवते.

"घे बाबू. पयले चाव. लगेच घासू नोको."

तुम्ही टोक दाढेखाली धरता. साल फुटते आणि जिभेच्या मुळाशी कडवटपणा चढतो, कपाळाला आठ्या पडतात. तोंडात लाळ सुटते ती आवरता आवरत नाही. ही लाळच पहिलं औषध. तिच्यात कॅल्शियम आहे, फॉस्फेट आहे, तोंडातलं आम्ल ती सौम्य करते, दाताच्या पृष्ठावरून जे झिजून गेलं त्यातलं थोडं रोज परत भरते. म्हातारीला यातलं काही ठाऊक नाही. मात्र "लगेच घासू नोको" हे तिला तिच्या सासूने सांगितलंय, आणि काडीचं अर्धं काम त्या चावण्यातच आहे.

चावता चावता टोकाचे धागे सुटे होतात, कुंचा तयार होतो. आता घासायचं. वरच्या दाढांच्या मागे, जिथे ब्रशचं डोकंही नीट पोचत नाही, तिथे काडी तिरपी घालून. धागे झिजले की तेवढं टोक दाताने तोडून थुंकायचं आणि पुढचा ताजा भाग चावायचा. समोरच्या पांदीतून एक गडी बैल हाकत निघालाय, त्याच्याही तोंडात बाभळीची काडी आहे. शेताच्या बांधापर्यंत ती तिथेच राहणार. शेवटी म्हातारी आपली काडी उभी चिरते, दोन्ही फाकांना कमान देऊन जीभ खरवडते, चूळ भरते. हे सगळं व्हायला अर्धा तास लागला. आज तुम्ही ज्याला दात घासणं म्हणता ते फार तर दोन मिनिटांत आटोपतं.

चूळ भरताना ती हसते तेव्हा तिचे दात बघा. दाढा सपाट झाल्या आहेत, कारण जात्यातल्या दगडाची कच आयुष्यभर भाकरीतून पोटात गेली. एक दात पडलेला आहे. पण खड्डा नाही, काळं भोक नाही. चुलीपाशी तिची सून बोटाने राखुंडी लावते आहे, गोवरीची राख आणि मीठ. तिने दात पांढरे होतात खरे, पण वर्षानुवर्षं लावली तर वरचं आवरणही घासलं जातं. आणि फळीवर, डब्याला कुलूप लावून, साखर ठेवली आहे. पाहुणा आला तरच ती निघते. रोजचा चहा गुळाचा, तोही एकदाच.

तो डबा लक्षात ठेवा. दाताची कीड कशाने थांबते, या ज्या प्रश्नामागे आपण निघालो आहोत त्याचं निम्मं उत्तर त्याच्यात आहे.

काडी तोंडात असू द्या आणि मागे चला, सातशे वर्षं. मेहकर इथून जवळच. तिथल्या हेमाडपंती धर्मशाळेच्या खांबाला टेकून एक वैद्याचा शिष्य पाठ म्हणतो आहे. देवगिरीवर महादेवराय यादव आहे आणि त्याचा श्रीकरणाधिप हेमाद्री, आपला हेमाडपंत. दगडी देवळांना त्याचं नाव लागलं म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे; त्याने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली, हे मात्र वैद्य सोडले तर फार थोड्यांना माहीत असतं. शिष्य घोकतो आहे तो त्याच ग्रंथाचा दिनचर्येचा अध्याय. तो ग्रंथसुद्धा तेव्हा काही शतकं जुना झालेला आहे.

त्याच्याजवळ बसा आणि काय सांगितलंय ते नीट ऐका. दात सकाळी घासावेत आणि जेवणानंतरही. काडी रुईची, वडाची, खैराची, करंजाची, अर्जुनाची, किंवा अशाच झाडांची. चव तुरट, तिखट किंवा कडू. टोक मऊ केलेलं. आणि हिरडीला इजा होऊ द्यायची नाही. लगेच पुढे, काडी कुणी वापरू नये याचीही यादी: अजीर्ण झालेल्याने, ओकारी होत असलेल्याने, दमा-खोकला-ताप असलेल्याने, तोंड आलेल्याने, अर्दित झालेल्याने, म्हणजे ज्याचा चेहरा वाकडा झालाय त्याने. ज्याचं तोंड एका बाजूने लुळं आहे त्याला काडी चावता येणार नाही आणि गाल मात्र सोलला जाईल, हे कुणीतरी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलेलं आहे.

सुश्रुताने माप दिलं आहे: बारा अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ, गाठ नसलेली. कडूमध्ये निंब श्रेष्ठ, तुरटात खैर, तिखटात करंज, गोडात मोह. सोबत लावायला मध, सुंठ-मिरी-पिंपळी, तेल, सैंधव आणि तेजोवतीचं चूर्ण. आजच्या पेस्टच्या नळीत जे असतं त्याचा सांगाडा इथेच उभा आहे: घासणारं काही, चिकटून राहणारं काही, चवीचं काही आणि जंतूंवर चालणारं काही. जंतू हा शब्द तेवढा नाही.

मला या यादीचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते तिच्या चवींच्या वर्गवारीत. या वैद्यांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, जीभ होती. आणि जिभेने त्यांना बरोबर जागी नेलं. तुरट चव म्हणजे टॅनिन. हिरडा चावला की तोंड आवळून येतं, ते लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन धरून बसल्यामुळे. वऱ्हाडात बाभळीच्या सालीत कातडं बुडवून ते कमावतात, त्यातही हेच टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बिलगतं. जंतूच्या अंगावरही प्रथिनं असतात आणि दाताला चिकटायला त्याला तीच लागतात. खैर, बाभूळ, वड, अर्जुन अशी तुरट झाडं पुन्हा पुन्हा काडीसाठी निवडली गेली ती काही योगायोगाने नव्हे.

पण याच परंपरेत दाताला पडलेल्या भोकावरचा उपचारही आहे, तोही ऐकून घ्या: खड्डा गुळाने किंवा मेणाने भरायचा आणि वरून तापल्या सळईने डाग द्यायचा. नाहीतर सातवीण आणि रुईचा चीक आत भरायचा. मेणाचं समजू शकतं. पण गूळ! दाताच्या खड्ड्यात गूळ भरणाऱ्याला रोगाचं कारण माहीत नव्हतं, हे तेवढ्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. डागामुळे नस मरत असेल, ठणका थांबत असेल. काडीबद्दलचं त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. किडीबद्दलची उपपत्ती चुकीची होती. एकाच पोथीत दोन्ही आहेत. जुनं आहे म्हणून सगळं खरं मानणारे आणि जुनं आहे म्हणून सगळं टाकून देणारे, दोघांनीही ती पोथी पूर्ण वाचलेली नसते.

आता तुमची खालची डावी दाढ ठणकू लागते. साल १९०५. वऱ्हाड इंग्रजांनी निजामाकडून कायमचं पट्ट्याने घेतलंय आणि मध्य प्रांताला जोडलंय, संवत १९५६ च्या, म्हणजे छप्पन्नच्या दुष्काळातून गावं अजून सावरताहेत. बाजारच्या दिवशी चिंचेखाली एक बाई बसली आहे. पुढ्यात मुळ्या, साली, बिया, शिंगाची तुंबडी. पालं ठोकून गावोगाव फिरणाऱ्यांपैकी ती आहे.

"किडा हाये दाढेत," तुमच्या गालाला हात लावून ती सांगते. "आत्ता काढतो."

ती खापराचा तुकडा निखाऱ्यावर लाल करते. त्यावर तेलाचा थेंब, मग भुईरिंगणीच्या वाळल्या पिवळ्या फळांतल्या चिमूटभर बिया. धूर उठतो, तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. त्यावर ती भोक पाडलेली करवंटी उपडी घालते, भोकात पपईच्या देठाची पोकळ नळी बसवते आणि दुसरं टोक तुमच्या दाढेवर धरते. धूर तोंडात भरतो, लाळ गळते. खाली पाण्याची थाळी आहे, लाळ त्यात पडते. थोड्या वेळाने ती करवंटी त्या पाण्यात हलकेच झटकते आणि म्हणते, "पाह्य."

पाण्यावर खरोखरच बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगताहेत. भोवतीच्या माणसांचा श्वास रोखला जातो.

घाई करू नका. त्यातला एक नखावर घ्या, उजेडात धरा. त्याला तोंड नाही. पाय नाहीत, अंगावर वळ्या नाहीत. नखाने दाबला की तो मऊ, पिठूळ लागतो. तो भुईरिंगणीच्या बीमधला अंकुर आहे. या जातीच्या बियांत अंकुर वळूनच बसलेला असतो. बी तापून फुटली की तो बाहेर उडतो, धुराबरोबर करवंटीला चिकटतो आणि पाण्यात पडला की किड्यासारखा दिसतो. युरोपात हेच खुरासानी ओव्याच्या बियांनी करत. दातातल्या किड्याची कल्पना बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर आहे, आणि १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशारने ती नाकारली तरी जगभरच्या बाजारांतून ती काही हटली नाही.

त्या बाईला मी लबाड म्हणणार नाही. तिच्या आईने तिला हेच दाखवलं आणि तिने डोळ्यांनी किडे पाहिले. तुमचा ठणकाही जरा उतरला आहे, ऊब लागल्याने असेल, सुटलो असं वाटल्याने असेल. तुम्ही पदरचे दोन पैसे देता. पण दाढेतलं भोक जागच्या जागी आहे आणि महिनाभराने ते जास्त खोल असेल.

ती बाई पैसे कनवटीला लावते आहे तोवर क्षणभर बर्लिनला जाऊन या, पंधरा वर्षं आधी. रॉबर्ट कॉखच्या पठडीत शिकलेला अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर काचेच्या नळ्यांत उपटलेले दात घालतो आहे. एका नळीत लाळ आणि पाव, दुसरीत लाळ आणि मांस. नळ्या अंगाच्या उबेइतक्या तापमानाला ठेवल्या जातात. पावाच्या नळीतला दात मऊ पडतो, मांसाच्या नळीतला तसाच राहतो. १८९० साली त्याचं पुस्तक इंग्रजीत आलं: तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. दातात शिरून पोखरणारा किडा नव्हताच. जे काही चाललं होतं ते दाताच्या बाहेरून, त्याच्या अंगावर बसून.

तो बसणारा कोण, हे १९२४ साली लंडनमध्ये किलियन क्लार्कने दाखवलं आणि त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. पुढे चाळीसेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग १९६० च्या दशकात उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून त्याची खोड उघड झाली. साखर मिळाली की तो फक्त आम्ल करून थांबत नाही. त्याच्याजवळ एक विकर आहे, ग्लुकोसिलट्रान्सफरेज. त्याने तो साखरेपासून एक चिकट, पाण्यात न विरघळणारा पदार्थ विणतो आणि दातावर स्वतःला सारवून घेतो. त्या सारवणाखाली लाळ पोचत नाही. आतलं आम्ल बाहेर येत नाही. दाताच्या पृष्ठाशी सामू साडेपाचाच्या खाली उतरला की आवरण विरघळायला लागतं. एकदा गोड खाल्लं की पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास जातो. दिवसातून दोनदा गोड खाणाऱ्याचा दात मधल्या वेळात सावरतो. दहादा खाणाऱ्याचा दात सावरतच नाही. आणि गूळ निर्दोष असं समजू नका. त्यातही मुख्यतः तीच साखर आहे. म्हातारीला गुळाने वाचवलं नाही. दिवसातून एकदाच चहा पिण्याने वाचवलं.

१९७५ च्या डोणगावात उतरा, किराणा दुकानाच्या फळीसमोर. इथे फार थांबायचं नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून महाराष्ट्रभर धुराडी उठली, आणि कुलपातला डबा आता फळीवर उघडा आहे. चहा तीनदा होतो, त्यात बिस्किट बुडतं. दातांसाठी माकड छाप काळं मंजन आहे, लाल मंजन आहे, पांढरी पावडर आहे आणि वज्रदंती आहे. त्या वज्रदंतीमागे नागपुरात दुकान चालवलेले केशव विष्णू पेंढरकर आहेत. १९५२ साली मुंबईत परळला त्यांनी विको सुरू केली, आणि बाभूळ, वज्रदंती अशी आपल्या बांधावरची झाडं डबीत भरून ती परत आपल्याच बांधापर्यंत पोचवली. पुढे हे मंजन औषध की सौंदर्यप्रसाधन यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला आणि कंपनी जिंकली. त्या वादात न्यायालयाने आयुर्वेदाची यादी तपासली. दाताची कीड त्याने किती थांबते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

आणि त्याच फळीवर, खालच्या खणात, तंबाखूची मिश्री आहे. घराघरातल्या बाया ती भाजून, बोटाने हिरडीला लावतात. दात दुखायचा थांबतो म्हणून सुरू होते आणि मग सुटत नाही. तंबाखू घातलेली मंजनं-पेस्टी बनवण्या-विकण्यावर १९९२ साली केंद्र सरकारने बंदी आणली. घरी भाजलेल्या मिश्रीला कुठली बंदी पोचणार? वनस्पती म्हणून तंबाखूही वनस्पतीच आहे. 'हर्बल' या एका शब्दावर विसंबून कुणी काही तोंडात घालू नये, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

१९९६. लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया विद्यापीठाची दंतशाळा. हा मुक्काम दूरचा आहे, पण चुकवू नका, कारण इथे एका टेबलावर कडुनिंबाची काडी पडलेली आहे. वोलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी तिचा अर्क पाण्यात काढला आहे, अल्कोहोलात नव्हे. माणसाच्या तोंडात ती पाण्यातच उतरते म्हणून मला ही निवड महत्त्वाची वाटते. तो अर्क त्यांनी तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंवर घातला. तुम्ही वाकून बघता, जंतू मेले असतील या अपेक्षेने.

मेलेले नाहीत. त्यांनी वापरलेल्या प्रमाणात निंबाच्या काडीच्या अर्काने जंतूंची वाढ थांबली नाही. पण लाळ लावलेल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटवर, म्हणजे दात ज्या खनिजाचा बनतो त्याच खनिजावर, अर्कातून काढलेले जंतू नीट चिकटेनात. साखरेपासून ते चिकट सारवण विणण्याचं कामही मंदावलं. 'जर्नल ऑफ डेंटल रिसर्च'मध्ये तो निबंध आला.

हे वाचल्यापासून मला कडुनिंबाबद्दल जास्त आदर वाटतो, कमी नाही. तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात, त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काही उपकारक. सगळ्यांना मारणारं औषध रोज वापरायचं नसतं. क्लोरहेक्सिडिनची चूळ जंतू मारण्यात अजून पहिल्या नंबरावर आहे, पण ती लांबवली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, म्हणून डॉक्टर ती ठरावीक दिवसांपुरतीच देतात. जंतूला जगू देऊन त्याला दातावर बसू न देणं, हे रोजच्या वापराला जास्त शहाणपणाचं आहे. 'जंतुनाशक हर्बल' अशी पाटी लावून आपण झाडाकडून भलत्याच कामाची अपेक्षा करतो आणि त्याचं खरं काम मोजायचंच विसरतो.

आता आजच्या दिवशी परत या. डोणगावची एक मुलगी एसटीने फार्मसीच्या कॉलेजात जाते, शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिचा प्रकल्प आहे निंब, बाभूळ आणि करंज यांच्या सालींचे अर्क दाताच्या किडीवर. साली तिने गावच्याच झाडांच्या आणल्यात. सावलीत वाळवून, कुटून, चाळून झाल्या. सॉक्सलेटमध्ये इथेनॉल तासन्‌तास फिरलं, अर्क आटवून चिकट काळपट गोळा झाला. म्युटन्सची वाढ चंदीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवलेली. काल तिने पेट्री डिशमधल्या अगारवर ती सारखी पसरली, पाच छोटे खड्डे पाडले, तीनात तीन अर्क, चौथ्यात क्लोरहेक्सिडिन, पाचव्यात नुसतं इथेनॉल. डिशा एका मोठ्या बरणीत ठेवल्या, आत मेणबत्ती पेटवली आणि झाकण घट्ट लावलं. मेणबत्ती विझली तेव्हा बरणीत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झालेला होता. या जंतूला तशीच हवा मानवते. रात्रभर ३७ अंश.

आज बरणी उघडते. तिच्या शेजारी उभे राहा. धुरकट वाढीच्या मधोमध स्वच्छ वर्तुळं उमटली आहेत. क्लोरहेक्सिडिनभोवती सगळ्यात मोठं. बाभळीभोवती त्याहून लहान. निंबाभोवती जेमतेम. आणि नुसत्या इथेनॉलभोवतीही एक पुसट कडं.

तिचा चेहरा उतरतो. "निंबाचं एवढंच काहून आलं?"

तिला कॅलिफोर्नियातलं टेबल दाखवायची ही वेळ आहे. वर्तुळ म्हणजे जिथे जंतू वाढले नाहीत ती जागा. न चिकटलेले जंतू वर्तुळात दिसत नाहीत. शिवाय डिशमध्ये अर्क चोवीस तास जंतूशेजारी बसतो, तोंडात तो दोन मिनिटांत थुंकला जातो. डिशमध्ये लाळ नाही, आणि जंतू एकेकटे आहेत, सारवणात दडलेले नाहीत. आणि इथेनॉलचं ते पुसट कडं बाकीच्या वर्तुळांतून वजा केल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही. ते न करता लिहिलेले अहवाल बरेच असतात, तिनेही तसे वाचलेत.

ती ऐकते, वही काढते. मग ती गावातलं सांगायला लागते. मेनरोडच्या दुकानांत पाच रुपयांची पुडी, चॉकलेट, रंगीत पेय. तिच्या भावाचा पोरगा सहा वर्षांचा, पुढचे चारही दुधाचे दात काळे पडून ठिसूळ झालेले. रात्री दुधाच्या बाटलीत साखर घालून झोपवायची सवय होती. घरात पेस्ट आहे, डबीवर निंबाचं आणि लवंगेचं चित्र आहे. फ्लोराइड आहे का, हे कुणी वाचलेलं नाही.

ते वाचायला हवं. झाडांबद्दल कितीही माया असली तरी कीड रोखण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा अजून फ्लोराइडच्या पेस्टच्याच बाजूला आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. नुकता पांढरा डाग पडलेला दात, ज्याला अजून भोक पडलेलं नाही, तो फ्लोराइड आणि लाळ मिळून पुन्हा टणक करू शकतात. भोक पडल्यावर निंब, बाभूळ, लवंग, फ्लोराइड, कुणीच ते भरून काढत नाही; लवंगेच्या तेलातलं युजेनॉल ठणका बसवतं, पण दाढ दंतवैद्याकडेच न्यावी लागते. पोराला वाटाण्याएवढी पेस्ट, रात्री, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि थुंकल्यावर चूळ भरायची नाही. ज्या गावात विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे आधी पाणी तपासून घ्यायचं. सकाळी निंबाची काडी चावायला यातल्या कशाचीच आडकाठी नाही. फक्त ती चावायची आहे, शोभेला धरायची नाही, आणि हिरडी जपायची आहे.

मुलगी डिशा निर्जंतुक करायला बाजूला ठेवते आणि नवा प्रयोग मांडते. यावेळी अर्क पाण्यातला. वाढमाध्यमात साखर घातलेल्या काचेच्या नळ्या, ३० अंशांत तिरप्या, म्हणजे जंतू काचेला चिकटतात की तळाशी सैल बसतात ते उद्या नळी फिरवून कळेल. काही नळ्यांत अर्क रात्रभर राहील. काहींत तो फक्त दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकायचा, मग साखर. हे जमलं की पुढे काचेच्या जागी दात, दंतवैद्याने काढलेले, लाळेत बुडवून घेतलेले. नळ्यांवर ती निळ्या पेनने चिठ्ठ्या लावते: निंब दोन मिनिटं, निंब रात्रभर, बाभूळ दोन मिनिटं, बाभूळ रात्रभर, नुसतं पाणी. साखरेचं वजन दुसऱ्यांदा करते. दोन नळ्या उरल्या आहेत.

"या दोघीत अर्कासोबत फ्लोराइडबी टाकून पाहू का?" ती विचारते.

"टाका. आणि तिसरीही घ्या, नुसत्या फ्लोराइडची. नाहीतर कुणामुळे काय झालं ते कळणार नाही."

ती कपाटातून आणखी एक नळी काढते.